मूत्रपिंडाचा कर्करोग : रुग्णाचे आयुष्य कशावरून ओळखतात?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या मेळाव्यात कर्करोगावर बोलणे काहींना चमत्कारिक वाटेल. परीक्षा, शिष्यवृत्त्या, वसतिगृह हे विषय सोडून हे काय काढले, असेही कोणी म्हणेल. पण आपल्या भागातील कितीतरी घरांत दवाखान्याचा कागद इंग्रजीत येतो आणि तो वाचून दाखवण्याचे काम नववी-दहावीतल्या मुलावर किंवा मुलीवर पडते. अब्बांना तो वाचता येत नाही, चाचा हैदराबादला कामावर असतात, आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर गर्दी इतकी असते की दुसऱ्यांदा विचारण्याचा धीर होत नाही. म्हणून हे व्याख्यान जितके पालकांसाठी आहे तितकेच त्या कागद वाचणाऱ्या मुलांसाठी आहे.

कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न एकच निघतो. 'डॉक्टर साब, कितने दिन?' डॉक्टर बहुधा मोघम उत्तर देतात. मग नातेवाईक आपापली उत्तरे देऊ लागतात. एक म्हणतो, चार महिने; दुसरा म्हणतो, काही होत नाही, अमक्याच्या मामाला झाला होता, अजून धडधाकट आहे. पहिल्याचे ऐकून ऑपरेशनने बरा होऊ शकणारा माणूस घरीच ठेवला जातो. दुसऱ्याचे ऐकून, ऑपरेशनचा फारसा उपयोग नसलेल्या माणसासाठी जमीन विकली जाते. दोन्ही उत्तरे अंदाजाची असतात. वस्तुतः या प्रश्नाचा अभ्यास वैद्यकशास्त्राने गेली साठ वर्षे नेटाने केला आहे. उत्तर काही ठराविक गोष्टींवरून बांधले जाते आणि त्यांतील बहुतेक गोष्टी रुग्णाच्या फाइलमध्येच लिहिलेल्या असतात. त्या कोणत्या, आणि त्यांपैकी आपल्या हाती काय आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मूत्रपिंड म्हणजे आपण घरात ज्याला गुर्दा म्हणतो ते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या फासळ्यांच्या आड, मुठीएवढे दोन अवयव. एक काढला आणि दुसरा निरोगी असला तर माणूस जगतो, कामधंदा करतो. हे पहिल्यांदा सिद्ध केले जर्मनीतील हायडेलबर्ग येथील गुस्ताव सिमोन या शल्यविशारदाने. त्याने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १८६९ साली एका स्त्रीचे एक मूत्रपिंड काढले. ती जगली. तिला कर्करोग नव्हता, दुसराच विकार होता. पण या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची वाट त्या दिवशी मोकळी झाली.

हा रोग तसा फार मोठ्या संख्येने होणारा नाही. २०२२ साली साऱ्या जगात सुमारे ४ लाख ३५ हजार नवे रुग्ण मोजले गेले. तोंडाचा किंवा स्तनाचा कर्करोग आपल्याकडे कितीतरी अधिक दिसतो. विडी-सिगारेट, वाढलेले वजन आणि उच्च रक्तदाब ही त्याची मुख्य ठाऊक कारणे आहेत. तरीही मी हाच रोग निवडला, कारण लवकर सापडणे आणि उशिरा सापडणे यांतले अंतर याच्यात फार मोठे आहे. शिवाय आपल्या मुलखात तो हमखास दुसऱ्याच नावाने ओळखला जातो.

ते नाव म्हणजे मुतखडा, किंवा नुसतेच 'गरमी'.

धर्माबादचा उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. मिरचीच्या अडतीवर दिवसभर राबणाऱ्या माणसाचे पाणी कमी पडते, लघवी लाल-पिवळी होते, जळजळ होते. मुतखड्याचा एखादा रुग्ण प्रत्येक गल्लीत असतो. अशा ठिकाणी कोणाला लघवीतून रक्त गेले तर कोणी दचकत नाही. 'गरमी हुई है' म्हणून धण्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, बार्ली सुरू होते. दोन-तीन दिवसांत रक्त थांबते आणि औषध लागू पडले असे सर्वांना वाटते. इथेच घात होतो. मूत्रपिंडातील गाठीचे रक्त आपोआप येते, आपोआप थांबते, आणि महिन्यांनी पुन्हा येते. सब्जाचा त्याच्याशी संबंध नसतो. मुतखड्याचे रक्त बहुधा कळेसह येते; माणूस अक्षरशः गडबडा लोळतो. गाठीचे रक्त पुष्कळदा मुळीच दुखल्याशिवाय येते. आपण दुखण्याला भितो, रक्ताला भीत नाही. या रोगात ते उलट असायला हवे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रक्त लघवीतून गेले की मासिक पाळीचे, हे त्या स्वतःशीच ठरवून टाकतात आणि कोणाला सांगत नाहीत. पाळी बंद झालेल्या वयातही लाजेपोटी महिनोन् महिने गप्प राहतात. घरातील मुलींनी अम्मीला, दादीला हे एकदा विचारून ठेवावे. पुरुषांनी विचारले तर सांगितले जाणार नाही.

मात्र घाबरण्याचेही कारण नाही. लघवीतून रक्त गेलेल्या बहुतेकांना मूत्रपिंडाचा कर्करोग नसतो. जंतुसंसर्ग असतो, खडा असतो, क्वचित क्षय असतो, मूत्राशयाचा विकार असतो. पण डोळ्यांना दिसेल असे रक्त एकदा जरी गेले, आणि दुखले नाही तरीही, लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. सोनोग्राफीला अर्धा तासही लागत नाही. मागे वैद्यकाच्या पुस्तकांत या रोगाची तीन लक्षणे एकत्र दिलेली असत : रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ. ही तिन्ही एकत्र दिसू लागली की रोग बहुधा पुढे गेलेला असतो. आज अनेक गाठी अशा सापडतात की रुग्णाला त्यांची खबरच नसते. पित्ताशयाच्या खड्यासाठी सोनोग्राफी केली आणि मूत्रपिंडात लहानशी गाठ दिसली. अशा योगायोगाने सापडलेले रुग्ण सर्वांत भाग्यवान म्हटले पाहिजेत.

येथूनच पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट येते, ती म्हणजे रोगाची अवस्था. अहवालात ती टी, एन, एम या तीन अक्षरांनी लिहितात. टी म्हणजे मूळ गाठ किती मोठी आहे आणि कोठवर गेली आहे. एन म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींत रोग गेला आहे का. एम म्हणजे फुप्फुस, हाडे, यकृत, मेंदू अशा दूरच्या ठिकाणी गेला आहे का. गाठ मूत्रपिंडातच आणि ७ सेंटिमीटरपर्यंत असेल तर टी-१. त्यातही ४ सेंटिमीटरच्या आतली, म्हणजे लिंबाएवढी, तिला टी-१-ए म्हणतात. ७ सेंटिमीटर म्हणजे साधारण मोसंबी. त्याहून मोठी पण मूत्रपिंडातच असलेली टी-२. भोवतालच्या चरबीत किंवा मोठ्या शिरेत शिरली तर टी-३, आणि मूत्रपिंडाभोवतीचे आवरण ओलांडून बाहेर गेली तर टी-४.

शिरेत शिरण्याविषयी थोडे सांगतो, कारण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ही गाठ मूत्रपिंडाच्या शिरेतून वेलीसारखी वाढत जाते आणि कधी कधी पोटातील महाशिरेत, क्वचित हृदयापर्यंत पोहोचते. रोग इतरत्र पसरला नसेल तर कुशल शल्यविशारद ही वेल आतून काढू शकतात आणि असे रुग्ण वर्षानुवर्षे जगलेले आहेत. शीर भरली म्हणजे सारे संपले, असे नाही.

अवस्था पाडून आयुष्याचा हिशेब मांडण्याचे काम कॅनडातील टोरांटोच्या चार्ल्स रॉबसन यांनी केले. मूत्रपिंड त्याच्या भोवतालच्या चरबीसकट काढावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी १९६९ साली आपल्या रुग्णांचे निकाल अवस्थेनुसार प्रसिद्ध केले आणि पुढे कित्येक वर्षे जगभर तीच विभागणी चालली. आजच्या अमेरिकी राष्ट्रीय नोंदींनुसार रोग मूत्रपिंडातच असताना सापडलेल्यांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. आसपास पसरलेला असेल तर सुमारे पाऊणशे. दूर पसरलेला असेल तर पाचांत एकाच्या आसपास. एकाच रोगाचे, एकाच अवयवाचे हे तीन आकडे आहेत. त्यांच्यामधले अंतर बहुतांशी रुग्ण कोणत्या दिवशी दवाखान्यात आला याचे आहे.

हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०१४ साली आपल्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतातील रुग्ण वयाने लहान असतात आणि रोग पुढच्या अवस्थेत गेल्यावर येतात, असे त्यांना आढळले. म्हणजे घरातील कमावता माणूस, तोही उशिरा.

मग उशिरा येण्याची सवय बदलता येते का? येते, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरून कोणाला कर्करोग झाला याची नोंद घेत, आणि त्याच फेरीत लोकांना लक्षणे समजावून सांगत. कोणतेही महागडे यंत्र त्यांच्याजवळ नव्हते. काही वर्षांनी हिशेब केला तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा अलीकडच्या अवस्थेत, म्हणजे लवकर, दवाखान्यात येऊ लागल्याचे दिसले. १९९५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे १९९९ पासून आपल्या मराठवाड्यातील उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, जिल्ह्यातील शेकडो गावांत याच मंडळींनी लाखाहून अधिक स्त्रियांचा तपासणीचा मोठा अभ्यास केला. तो रोग वेगळा होता, मूत्रपिंडाचा नव्हे. पण गावातील माणसाला लक्षण समजले की तो लवकर येतो, ही गोष्ट रोग बदलल्याने बदलत नाही.

दुसरी गोष्ट गाठीच्या स्वभावाची. अवस्था सांगते रोग कोठवर गेला. स्वभाव सांगतो तो किती वेगाने जाणार. हे सूक्ष्मदर्शकाखाली कळते. काढलेली गाठ पॅथॉलॉजिस्टकडे जाते आणि अहवालात प्रथम तिचा प्रकार लिहिलेला असतो. शंभरात सत्तरांहून अधिक गाठी 'क्लिअर सेल' प्रकारच्या असतात. पेशीतील चरबी आणि साखर काच तयार करताना धुऊन निघते व पेशी मोकळ्या, पारदर्शक दिसतात, म्हणून हे नाव. 'पॅपिलरी' हा दुसरा प्रकार आणि 'क्रोमोफोब' हा तिसरा. क्रोमोफोब बहुधा सौम्य वागणारा.

त्याच्यापुढे 'ग्रेड' म्हणून १ ते ४ मधला एक आकडा असतो. अमेरिकेतील सुसान फुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ही पद्धत घालून दिली. त्यांनी सुमारे शंभर रुग्णांच्या गाठींतील पेशींची केंद्रके पाहिली. केंद्रके जितकी मोठी आणि वेडीवाकडी, तितका रोग आडदांड, असे त्यांना दिसले. २०१२ नंतर ही पद्धत सोपी केली गेली. केंद्रकाच्या आत एक ठिपका असतो. चारशेपट मोठे करूनही तो ठळक दिसत नसेल तर ग्रेड १. चारशेपटीत दिसतो पण शंभरपटीत नाही, तर ग्रेड २. शंभरपटीतच डोळ्यांत भरतो, तर ग्रेड ३. आणि पेशींचा आकारच बेताल झाला असेल तर ग्रेड ४. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल पाहिलेलीच आहे. केंद्रक शोधण्याचे तेच काम इथे माणसाच्या आयुष्याशी जोडलेले आहे.

अहवालात आणखी दोन शब्दांकडे लक्ष द्यावे. 'नेक्रोसिस' म्हणजे गाठीचा काही भाग मेलेला असणे. गाठ इतक्या झपाट्याने वाढली की तिला रक्त पुरले नाही. 'सार्कोमॅटॉइड' म्हणजे पेशींनी आपले मूळ रूप टाकून लांबट, मोकाट रूप घेणे. दोन्ही चांगली चिन्हे नव्हेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २००२ साली अवस्था, आकार, ग्रेड आणि नेक्रोसिस यांना गुण देऊन त्यांच्या बेरजेवरून पुढील वर्षांचा अंदाज बांधण्याची रीत काढली. परीक्षेतील गुणांसारखीच, फक्त येथे गुण जितके कमी तितके बरे.

आता ज्यांचा रोग दूर पसरलेला आहे त्यांच्याविषयी. त्यांच्यात गाठीच्या आकारापेक्षा माणसाच्या एकूण प्रकृतीला अधिक महत्त्व येते. कॅल्गरीचे डॉ. डॅनियल हेंग यांनी अनेक रुग्णालयांतील ६४५ रुग्णांच्या नोंदी घेऊन २००९ साली सहा गोष्टी निश्चित केल्या आणि आज जगभर त्याच विचारल्या जातात. निदानापासून औषध सुरू करण्याची पाळी वर्षाच्या आत आली का. हिमोग्लोबिन कमी आहे का. रक्तातील कॅल्शियम वाढले आहे का. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत का. प्लेटलेट वाढल्या आहेत का. आणि माणूस हिंडूफिरू शकतो का. यांतील एकही नसेल तर रुग्ण पहिल्या, म्हणजे चांगल्या गटात. एक किंवा दोन असतील तर मधल्या. तीन किंवा अधिक असतील तर तिसऱ्या.

ही यादी पाहून मला नेहमी वाटते की यात श्रीमंताला मिळेल आणि गरिबाला मिळणार नाही अशी एकही तपासणी नाही. रक्ताची साधी तपासणी तालुक्याच्या गावी होते, कॅल्शियमचीही होते. तारखा तर कागदावर असतातच, कागद जपून ठेवले असतील तर.

शेवटची गोष्ट, हिंडण्याफिरण्याची, डेव्हिड कार्नोफ्स्की यांच्या मापाने मोजतात. त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस शंभरपैकी गुण देण्याची ही पद्धत केली. ८० गुणांचा माणूस त्रास होत असूनही नेटाने आपले नेहमीचे काम करतो. ७० चा माणूस स्वतःचे आवरतो, अंघोळ करतो, जेवतो, पण कामावर जाऊ शकत नाही. रेषा या दोहोंच्या मध्ये आहे. ती ठरवायला डॉक्टरांना घरच्यांची साक्ष लागते, आणि आपण तिथे नेमके चुकतो. दवाखान्यात रुग्ण उसने अवसान आणून ताठ बसतो, मुलगा म्हणतो, 'अब्बा एकदम ठीक हैं.' दिवसाचा किती वेळ ते खाटेवर असतात, दुकानात शेवटचे कधी गेले, हे खरे सांगावे. औषधाची मात्रा त्यावर ठरते.

विद्यार्थी विचारतील, मूत्रपिंडाच्या रोगाचा रक्ताच्या पेशींशी काय संबंध? याचे उत्तर फार सुंदर आहे आणि त्याच्या मुळाशी असलेल्या संशोधनाला २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा हे ते तिघे. पेशीला प्राणवायू कमी पडला की ती नव्या रक्तवाहिन्या मागवते. पुरेसा मिळाला की व्हीएचएल नावाचे जनुक ही मागणी बंद करते. बहुसंख्य क्लिअर सेल गाठींत हे जनुकच बिघडलेले असते. पेशीला प्राणवायू मिळत असतो, पण तिला वाटते आपण गुदमरतो आहोत, आणि ती रक्तवाहिन्या मागवीतच राहते. गाठ पोसली जाते. इकडे रोगाच्या दाहामुळे शरीरात रक्तक्षय होतो आणि प्लेटलेट वाढतात. ही मागणी तोडणारी औषधे २००५ नंतर आली, आणि पुढे शरीराच्या प्रतिकारशक्तीला मोकळे सोडणारी औषधे आली.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातील डॉ. रॉबर्ट मोट्झर यांनी १९९९ साली अशीच तीन गटांची विभागणी केली होती. तेव्हा चांगल्या गटाचे आयुष्य २० महिने, मधल्याचे १० आणि वाईटाचे ४ असे निघाले. नवी औषधे आल्यावर हेंग यांच्या विभागणीनुसार २०१३ साली हेच आकडे ४३, साडेबावीस आणि जवळपास ८ महिने झाले. प्रतिकारशक्तीची दोन औषधे एकत्र देण्याच्या पुढच्या एका मोठ्या चाचणीत मधल्या आणि वाईट गटाच्या रुग्णांचेच आयुष्य चार वर्षांच्या आसपास गेले. सार्कोमॅटॉइड गाठी, ज्यांना मी मघाशी मोकाट म्हटले, त्याही या औषधांना अनपेक्षितपणे दाद देतात. तेव्हा कोणी जुन्या पुस्तकातून आकडा वाचून दाखवला तर तो कोणत्या सालचा, हे आधी विचारावे. प्रत्येक तक्ता मागे होऊन गेलेल्या रुग्णांचा असतो.

शिवाय हे आकडे 'मध्यक' असतात. दहावीच्या गणितात तुम्ही मध्यक काढायला शिकता. मध्यक २२ महिने म्हणजे निम्मे रुग्ण २२ महिन्यांपूर्वी गेले आणि निम्मे त्यानंतरही होते. किती काळ होते ते मध्यक सांगत नाही. अमेरिकेतील प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटाच्या आवरणाचा एक दुर्मिळ कर्करोग झाला, ज्याचा मध्यक आठ महिने होता. ते ग्रंथालयात जाऊन बसले, आकड्यांची मांडणी पाहिली, आणि आपण तरुण आहोत, रोग लवकर सापडला आहे, तेव्हा आपण उजवीकडच्या लांब शेपटीत असण्याचा संभव आहे, असा हिशेब केला. ते त्यानंतर वीस वर्षे जगले, २००२ पर्यंत. प्रत्येकाचे असे होईल असे नाही. पण घरातील माणसाला 'आठ महिने' असे सांगणाऱ्याला गणित आलेले नसते, एवढे खरे.

ऑपरेशनविषयी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. रोग मूत्रपिंडातच असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय आहे आणि तो टाळू नये. गाठ लहान असेल तर फक्त गाठ काढून उरलेले मूत्रपिंड वाचवता येते. तसे करता येईल का, हे जरूर विचारावे. पण रोग आधीच दूर पसरला असेल तर 'काहीही करा, आधी गुर्दा काढा' असा हट्ट धरू नये. फ्रान्समधील डॉक्टरांनी ४५० रुग्णांची एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध केली. पसरलेल्या रोगाच्या मधल्या आणि वाईट गटातील रुग्णांपैकी निम्म्यांचे मूत्रपिंड काढून मग औषध दिले, निम्म्यांना थेट औषध दिले. काढलेल्यांचे आयुष्य जास्त निघाले नाही. मध्यक १४ महिने, आणि न काढलेल्यांचा १८. काही निवडक रुग्णांना तेव्हाही शस्त्रक्रियेचा लाभ होतो, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच. पण शेत विकण्यापूर्वी 'हे रुग्ण कोणत्या गटात आहेत?' हा एक प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

पैशांवरून आठवले. औषध आहे म्हणून आयुष्य वाढत नाही. ते घेता आले तर वाढते. सोराफेनिब हे या रोगावरचे पहिल्या नव्या औषधांपैकी एक. भारतात त्याचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजार रुपयांवर होता. हैदराबादच्या नाटको या कंपनीने ते स्वस्तात बनवण्याची परवानगी मागितली आणि ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला. महिन्याची किंमत ८,८८० रुपयांहून अधिक नसावी, अशी अट होती. मूळ कंपनी वरच्या न्यायाधिकरणात गेली, मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०१४ साली उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. आज या औषधापेक्षा सरस औषधे आली आहेत आणि ते पहिल्या पसंतीचे राहिलेले नाही. तरी कायद्याचा विद्यार्थी रुग्णाचे आयुष्य कसे वाढवू शकतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. डॉक्टर होण्याचीच सक्ती मुलांवर करणाऱ्या पालकांनी त्याचा विचार करावा.

आपल्या गावाची जागा अशी आहे की आजारी माणूस निजामाबादला जातो, नांदेडला जातो, हैदराबादला जातो. हैदराबादला मेहदी नवाज जंग यांच्या नावाची जुनी सरकारी कर्करोग संस्था आहे. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तेथे असल्याने ती जवळची वाटते. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. कोठेही जा, पण महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य योजनेचा लाभ राज्याबाहेरच्या प्रत्येक रुग्णालयात मिळेलच असे नाही. ही योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला नांदेड जिल्हा होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. गाडीत बसण्यापूर्वी रुग्णालय यादीत आहे का, हे विचारून घ्यावे.

आणि सारे कागद बरोबर न्यावेत. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन, नुसता अहवाल नव्हे तर फिल्म किंवा सीडीही, पॅथॉलॉजीचा अहवाल, आणि ज्यात गाठीचा तुकडा जपलेला असतो तो मेणाचा ठोकळा. पहिल्या रुग्णालयाकडे मागितला तर तो मिळतो. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाचा ठोकळा एका प्रयोगशाळेने हरवला आणि ग्रेड ठरवण्यासाठी सारे पुन्हा करावे लागले. त्यात सहा आठवडे गेले. घरातील शिकत्या मुलाने एका वहीत तारखा, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, वजन असे लिहीत जावे. मोठमोठ्या रुग्णालयांत अशी वही पाहून डॉक्टरांचा चेहरा खुलतो.

ऑपरेशन होऊन बरे झाल्यावरही वही बंद करू नये. हा रोग पाच वर्षांनी, क्वचित दहा वर्षांनीही फुप्फुसात किंवा हाडात डोके वर काढतो. अवस्था व ग्रेड यांवरून डॉक्टर पुढच्या तपासण्यांच्या तारखा देतात, त्या चुकवू नयेत.

एक प्रश्न हमखास विचारला जातो म्हणून येथेच सांगतो : एका गुर्द्यावर रोजे ठेवता येतात का? अनेकांना येतात. पण उरलेले मूत्रपिंड किती काम करते आहे यावर ते अवलंबून आहे, आणि रमजान एप्रिल-मेच्या उन्हात आला तर आपल्याकडे चौदा-चौदा तास पाण्याशिवाय काढणे वेगळीच गोष्ट असते. शाबान महिन्यातच क्रिएटिनिनची तपासणी करून तो अहवाल डॉक्टरांना दाखवावा आणि त्यांचे म्हणणे ऐकावे. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने घेऊ नयेत. एकाच मूत्रपिंडाला त्या जड जातात. रक्तदाब महिन्यातून एकदा मोजावा. विडी ओढत असाल तर ती ऑपरेशनच्या आधीच सुटलेली बरी.